उंबऱ्यावरचं पाणी

२८ मार्च १९५७

पोचले एकदाची! भुसावळला गाडी बदलताना हमालानं ट्रंकेचा कोपरा चेपवला, तेवढं सोडलं तर प्रवास झकास झाला. बऱ्हाणपूरच्या लालबाग स्टेशनावर उतरले तर फलाटावर केळीच्या घडांची ही रास, आणि राशीपलीकडून टांगेवाला हात हलवतोय. ट्रंक, वळकटी, कंदील, फिरकीचा तांब्या एवढा संसार बघून त्यानं विचारलं की बाई, घर सोडून आल्या का? मी म्हटलं, घर नाही, वहिनी सोडून आले. तो इतका हसला की घोडं बिचकलं.

जागा छान मिळाली आहे. गजानन मास्तरांच्या घरामागची स्वतंत्र खोली, अंगणात उघडणारं दार, दारापुढे तुळस. मास्तरांची बायको लीलाताई तोंडानं फटकळ आणि हातानं सढळ. आल्या आल्या त्यांनी पिठलं-भाकरी वाढली आणि अकोल्याची माणसं चिमणीएवढं जेवतात का, असा टोमणाही वाढला. मास्तर म्हणाले, नोव्हेंबरपर्यंत तुमचं अकोला आणि आमचं बऱ्हाणपूर एका राज्यात होतं. आता तुम्ही मुंबईवाल्या, आम्ही भोपाळवाले, म्हणजे तुम्ही परराज्यातल्या पाहुण्या झालात. मी म्हटलं, मग पाहुणीला अजून एक भाकरी विचारा की.

नवं गाव, नवी वही, नवी नोकरी. पस्तिशी उलटली तरी शाळेचा पहिला दिवस असल्यासारखं वाटतंय. अकोल्याच्या इस्पितळात इतकी वर्षं मी दुसऱ्यांचे हुकूम ऐकले. आता माझं कुणीतरी ऐकणार आहे, आणि याचा मला फार आनंद झाला आहे, हे इथे लिहायला हरकत नाही.

३१ मार्च

काम समजलं. इथलं गृहसेवा मंडळ अंथरुणाला खिळलेल्या माणसांच्या घरी सेविका पाठवतं. अंग पुसणं, कूस बदलणं, भरवणं, पाजणं हे त्यांचं काम, आणि त्या ते नीट करतात की नाही ते पाहणं हे माझं. कागदोपत्री मी पर्यवेक्षिका आहे. गावात मला ‘देखरेखवाली बाई’ म्हणतात, असं आजच कळलं.

मंडळाचे चिटणीस चुडामणभाऊ. सुताचे व्यापारी, तपकिरीचे शौकीन, अर्धं मराठी अर्धं हिंदी बोलतात. त्यांनी मला समोर बसवून नियम सांगितले. आधी वर्दी न देता जायचं. सेविकेला बाहेर पाठवून रोग्याला एकट्याला विचारायचं. आणि काही झालं तरी रोग्याला आपल्या डोळ्यांनी पाहायचं. उंबऱ्यावरून परतलात तर गेलाच नाहीत असं समजेन, असं बोट नाचवत म्हणाले. नागपूरचे साहेब ओळखीचे होते, चालवून घ्यायचे. आता भोपाळले जवाब देना पडते, बाई. नव्या राज्यात मंडळाची मदत चालू राहणार की नाही, ते बघायला तिकडून एक साहेब यायचे आहेत.

मी मान डोलावली. मनात मात्र आलं, न सांगता कुणाच्या घरात शिरणं आपल्या अंगवळणी कसं पडायचं? आईनं आम्हाला दारात खाकरायला शिकवलं आहे.

६ एप्रिल

आज गोदाआजींकडे गेले. स्टेशनाच्या रस्त्यामागच्या गल्लीत त्यांचं दोन खोल्यांचं घर आहे. कमरेखाली अंग गेलेलं, डोळ्यांत मोतीबिंदू, पण जीभ काय धारदार! पावलांचा आवाज आला की आतून विचारतात, “कोन शे वं?” आणि आपण नाव सांगेपर्यंत विचारतच राहतात. मी नाव सांगितलं तर म्हणाल्या की नाव सगळ्यांनाच असतं, गाव सांग. गाव सांगितलं तर म्हणाल्या की तिकडच्या बाया मिरच्या फार खातात, म्हणून तुझा आवाज असा.

त्यांना मूलबाळ नाही. गिरधर नावाचा पुतण्या जसोंडीला केळीचं बघतो आणि कधीमधी फेरी मारतो. सारी भिस्त सेविकेवर, कोकिळाबाईवर. चाळिशीची, तुकईथडची, हसतमुख बाई. नियमाप्रमाणे तिला बाहेर पाठवून मी आजींना विचारलं. आजी म्हणाल्या, कोकिळा चांगली आहे पण भाकरी जाड थापते. जाताना माझा हात धरून म्हणाल्या की ये गं अशीच, नाव सांगत ये. मला माझ्या आजीची आठवण झाली.

वाटेत मालूबाईंकडेही डोकावले. दोनदा अर्धांग होऊन त्यांचे हात आणि बोलणं पार गेलं आहे, घशातून आवाजसुद्धा निघत नाही. डोळ्यांनी हो-नाही सांगतात. त्यांचा मुलगा वसंता केळीच्या वॅगनींबरोबर दिल्लीला जाऊन-येऊन असतो.

२३ एप्रिल

ऊन असं की दुपारी कुत्रीसुद्धा गटारीत बसतात. तरी फिरते आहे. आता सगळ्या घरांत ओळख झाली. खरं सांगायचं तर मी आदल्या दिवशी निरोप पाठवते. लोक चहा ठेवतात, घर आवरून ठेवतात, मलाही ओशाळं होत नाही. चुडामणभाऊंना हे सांगण्याची गरज नाही.

कोकिळाबाई आज पाठोपाठ गल्लीच्या तोंडापर्यंत आली. तिच्या लेकीचं लग्न गेल्या वर्षी झालं. “मनी पोर पहिली आखाजीले ई राह्यनी,” म्हणाली आणि हसता हसता तिचे डोळे भरले. आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. इकडे ती दिवाळीहून मोठी. सासुरवाशिणी माहेरी येतात, झोके बांधतात. कोकिळाबाईला दोन दिवस घरी जायचं आहे. तेवढ्यापुरती दुसरी सेविका द्या, भाऊंना तुम्ही विचारा, असं म्हणाली. मी विचारते म्हटलं.

२९ एप्रिल

कोकिळाबाईनं पुन्हा विचारलं. मी म्हटलं, भाऊ विचार करताहेत. खरं म्हणजे मी अजून विषयच काढलेला नाही. सणाला प्रत्येकीलाच घर हवं असतं, जादा सेविका आहे कुठे? आणि आल्या आल्या मागण्या घेऊन गेले तर ही बाई कटकटी आहे असं वाटायचं. उद्या विचारीन.

१ मे

गोदाआजींना देवी आल्या आहेत.

बाहेरच्या दाराची कडी नुसती अडकवलेली होती. आत गेले तर आतल्या खोलीचं दार लोटलेलं, कडी घातलेली, चौकटीला कडुलिंबाचा डहाळा आणि कुंकवाची बोटं. उंबऱ्यावर पाणी ओतलेलं. शेजारच्या दोघीजणी तांबे घेऊन आल्या होत्या. देवीचा दाह शमावा म्हणून त्या सकाळ-दुपार उंबऱ्यावर पाणी घालतात, हात जोडतात आणि आवाज न करता निघून जातात. माझ्या हातातही त्यांनी तांब्या दिला.

नियम मला पाठ आहे. पण देवी घरात असताना बाहेरचं माणूस आत जात नाही, रोग्याचं नाव घेत नाही, आतून हाक आली तर ओ देत नाही, हेही मला तितकंच पाठ आहे. माझ्या धाकट्या भावाला देवी आल्या तेव्हा आत्यानं डोकावून पाहिलं. भावाचा एक डोळा गेला. आई मरेपर्यंत आत्याशी बोलली नाही.

मी चपला बाहेर काढल्या. उंबऱ्यावर पाणी ओतलं आणि हात जोडले. दाराखालच्या फटीतून थोडं पाणी आत गेलं. तेवढ्यात आत फरशीवर वाटी सरकल्याचा आवाज झाला. मग आजींचा आवाज, नेहमीपेक्षा बारीक, आणि खालून आल्यासारखा. “कोन शे वं?”

मी ओ दिली नाही. त्यांनी पुन्हा विचारलं. शेजारणीनं ओठांवर बोट ठेवलं. कोकिळाबाई इथेच कुठे गेली असणार, शेजारणी तिला सांगतील मी आले होते म्हणून. घरी लीलाताई सांजोऱ्या करायला वाट पाहत होत्या, म्हणून निघाले.

२ मे, आखाजी

लीलाताईंनी पहाटे नवी घागर भरली, तोंडावर डांगर, म्हणजे आपलं खरबूज, ठेवलं, आणि घरातल्या गेलेल्या सगळ्यांची नावं घेऊन पाणी दिलं. इथे आखाजीला पितरांना पाणी देतात. ज्याला द्यायला कुणी नसेल तो तहानलेला फिरतो, असं त्या म्हणाल्या. मास्तरांनी लगेच हे विज्ञानाला धरून नाही म्हणून वाद घातला आणि सांजोऱ्या मात्र विज्ञानाला धरून खाल्ल्या.

समोरच्या निंबाला झोका बांधला आहे. मीसुद्धा बसले. पोरी हसल्या. बरं वाटलं.

३ मे

चुडामणभाऊंनी सगळ्या घरांची खबर घेतली. गोदाआजींना देवी आल्या म्हटल्यावर एकदम ताठ बसले. पाहिलंत का, म्हणून विचारलं.

पाहिलं, म्हणाले मी.

कुठे कुठे फोड आहेत? मी म्हटलं, तोंडावर, हातांवर. हे तोंडातून आपोआप बाहेर पडलं, आणि एकदा पडल्यावर मागे कसं घ्यायचं? ते म्हणाले की मग टोचणीवाल्यांना कळवतो, पण तोवर त्या घरात कुणी फिरकू नये. गिरधरला पण निरोप पाठवतो की येऊ नको. कोकिळाबाई आहे ना जवळ, तुम्ही पाहिलंच आहे. मी हो म्हटलं.

घरी येताना सारखं वाटत होतं की त्या गल्लीत वळावं. वळले नाही. ऊन फार होतं.

५ मे

आजी गेल्या.

मी पोचले तेव्हा त्यांना बाहेरच्या खोलीत आणून ओल्या चादरीखाली ठेवलं होतं. गिरधर डोक्याला हात लावून बसला होता. कोकिळाबाई दाराशी. तिचे पाय धुळीनं भरलेले, कमरेला अजून प्रवासाचं गाठोडं. ती आज सकाळी आली. आखाजीच्या आधीच गेली होती, आणि आज सकाळी आली.

आतलं दार उघडत नव्हतं म्हणे, जोर लावून ढकलावं लागलं. आजी खाटेवरून खाली आल्या होत्या. उशाशी ठेवलेला माठ कलंडून फुटला होता. हातांनी सरपटत त्या दारापर्यंत आल्या आणि तोंड दाराखालच्या फटीशी लावून पडल्या. ओठांना चिखल लागला होता. उंबऱ्याच्या आतली फरशी तेवढी पुसल्यासारखी स्वच्छ होती, बाकी खोलीभर धूळ. मुठीतली वाटी सुटेना, म्हणून तशीच राहू दिली.

मी चादर उचलून तोंड पाहिलं. पाहिलं, आता पाहिलं. एक फोड नव्हता. शेजारणी म्हणाल्या, देवी आतल्या आत जिरली. देवीनं नेलेल्याला इथे अग्नी देत नाहीत. त्यांना तापीच्या डोहात सोडलं, वाटीसकट.

मी दाराच्या या बाजूला तांब्याभर पाणी ओतत उभी होते. त्या बाजूला त्या फटीखाली वाटी लावून बसल्या होत्या. त्यांनी मला दोनदा विचारलं कोण आहे. कडी काढली असती तर! नुसतं नाव सांगितलं असतं तरी त्यांनी पाणी मागितलं असतं. आणि परवा, माझ्या हो म्हणण्यावरून, गिरधरला येऊ नको म्हणून कळवलं गेलं. परवा त्या जिवंत असतील का? हे मला कोण सांगणार?

८ मे

भर दुपारी कोकिळाबाई आली. खोलीत आली नाही, अंगणात तुळशीपाशी बसली. लेकीचं तोंड बघून दुसऱ्या दिवशी परतायचं होतं, पण येताना मोटार बिघडली, मग मिळालीच नाही. भाकऱ्या फडक्यात बांधून ठेवल्या होत्या, माठ हाताशी ठेवला होता. लिंब का बांधला, तर कुणी आत जाऊन म्हातारीला एकटी पाहू नये आणि मंडळाला कळू नये म्हणून. रजा तर तुम्ही मिळवून दिली नाही, असं मात्र ती म्हणाली नाही. म्हणाली असती तर बरं झालं असतं.

खूप रडली. मग डोळे पुसून माझ्याकडे पाहिलं. “पन बाई, तुम्ही तर पाह्यलं ना तिले? भाऊले सांगितलं ना, तोंडावर फोड व्हते?”

ती धमकी देत नव्हती. खरंच विचारत होती. देवी खरोखर आली असेल, आपल्या हातून काही झालं नसेल, अशी तिला अजून आशा होती. आणि मी तिच्याकडे पाहून मान हलवली. हो म्हणून.

१३ मे

आता मी सगळे नियम पाळते. वर्दी न देता जाते. प्रत्येकाची जीभ पाहते, पाठ पाहते, उशाशी पाणी आहे का ते पाहते. भाऊ खूश आहेत. म्हणाले, तुमच्यासारखी बाई हवी होती आम्हाले. जेवण पोटात जात नाही.

एक गोष्ट ध्यानात येते आहे. ज्या घरी जाते तिथला उंबरा ओला असतो. सडा घातला असेल म्हणून सोडून दिलं. पण विहिरी आटल्या आहेत, नळाला धार करंगळीएवढी, आणि उन्हात ओली फरशी वाळायला किती वेळ लागतो? मी आत जाऊन बाहेर येते तोवर ती तशीच ओली असते. मी विचारलं तर घरातली माणसं माझ्या पायांकडे बघतात.

१६ मे

मंडळाची बैठक झाली. कोकिळाबाईला मालूबाईंकडे द्यायचं ठरलं. भाऊ म्हणाले, देवीच्या घरात शेवटपर्यंत राहिलेली बाई आहे, तिच्यासारखी दुसरी नाही. ती तिथे नव्हतीच, हे तिच्या-माझ्याशिवाय कुणाच्या ध्यानात आलेलं नाही. वसंता परवा दिल्लीला निघतो आहे, त्यालाही घाई आहे.

मी तोंड उघडलं. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी खोकले, आणि पाणी मागितलं.

मालूबाईंना हाकसुद्धा मारता येत नाही. त्यांना काय झालं तर तेही माझ्याच माथी येणार, हे कळत असून मी खोकले. अशी बाई आहे मी.

१९ मे

दुपारी दार लावून पडले होते. बाहेर लू वाहत होती. उंबऱ्यापाशी काहीतरी फरशीवर घासलं. थांबलं. पुन्हा घासलं.

मला माहीत होतं ते काय आहे. भिंतीकडे तोंड करून पडून राहिले.

मग दाराबाहेरून, अगदी खालून. कोन शे वं?

ओ दिली नाही. पुन्हा विचारलं, तरी दिली नाही. त्या दिवसासारखंच आजही माझ्या तोंडून नाव निघालं नाही.

उशिरानं दार उघडलं. तुळस वाळलेली, अंगण तापलेलं, उंबरा ओला. लीलाताई ओरडल्या की लोक घोटभर पाण्यासाठी मैलभर जातात आणि तुम्ही सांडून कशाला ठेवता? त्यांना काय सांगू?

२२ मे

पाणी पिता येत नाही. तांब्या तोंडाला लावला की दारापाशी कुणीतरी वाट पाहतंय असं वाटतं. उंबऱ्यावर ठेवून येते. तोंड फिरवलं की रिकामा. पुन्हा भरते. पुन्हा.

घागर संपली. घासणं थांबत नाही. उंबऱ्यावरून दिलेलं पुरत नाही — आतून द्यायचं होतं, तोंडापाशी, मान उचलून —

२४ मे

भाऊंना सांगायचं ठरवून गेले. वाटेत शब्द जुळवले. मी पाहिलं नव्हतं, कोकिळाबाईला मालूबाईंकडून काढा, मलाही काढा. एवढंच सांगायचं.

ते दारातच आनंदानं म्हणाले, भोपाळचे साहेब पहिल्या तारखेला येतात. देखरेखीचे नियम कसे पाळले जातात ते मी त्यांना सांगायचं म्हणे. बाई, सगळ्या सेविकांची पोटं तुमच्या बोलण्यावर आहेत. बायकोला हाक मारून त्यांनी मला सरबत आणवलं. मी ग्लास हातात धरून बसले. पोटं सेविकांची आहेत, पण गप्प मी माझ्यासाठी बसले. लाज वाटली म्हणून. निव्वळ लाज वाटली म्हणून एक माणूस —

निघताना त्यांच्या उंबऱ्यावर पाय घसरला.

२५ मे

मालूबाईंकडे गेले. ठीक आहेत. कोकिळाबाई हडकली आहे. कोपऱ्यात बसते, दाराकडे पाठ करत नाही. तिला विचारलं, ऐकू येतं का. तिनं नुसते कान झाकले.

मालूबाई डोळ्यांनी काहीतरी सांगत होत्या. माझ्या मागे पाहत होत्या. वर नाही, खाली. जमिनीजवळ.

मी मागे पाहिलं नाही.

२६ मे

उद्या सांगते. नक्की.

घासतंय —

२७ मे, दुपार, मालूबाईंची ओसरी

कोकिळाबाई मोटार स्टँडवर दिसली. गाठोडं घेऊन, तिच्या गावाकडे जाणाऱ्या खकनारच्या मोटारीत. मालूबाईंपाशी कोण आहे विचारलं. ती माझ्या पायांमागे पाहत होती. “नदीमां सोडं तरी तिनी तान भागत नही, बाई.” कधी निघालीस विचारेपर्यंत मोटार हलली.

मालूबाईंना सोडून कालच निघाली असेल? काल मी आले नव्हते. काल मी उद्या म्हणत बसले होते.

धावत आले. आतल्या दाराला कडी. डहाळा बांधलेला. उंबरा ओला.

गल्लीत चिटपाखरू नाही, दारं लावलेली, लू. दोन घरं ठोठावली — आतून कुणी ओ दिली नाही. डहाळा त्यांनीही पाहिला असेल. लीलाताईंना आणते म्हणून निघाले, कोपऱ्यापर्यंत गेले. तिथे कळलं की आणायला नाही, मी पळून चालले आहे. परत फिरले. म्हणून लिहिते आहे. लिहितेय तोवर तरी उठून जाणार नाही.

आत वाटी सरकली.

मालूबाईंचे हात उचलत नाहीत.

कोन शे वं?

मालूबाईंना वाचा नाही.

चुडामणभाऊ, वही तुम्हाला मिळाली तर — गोदाआजींना देवी आल्या नव्हत्या. मी पाहिलं नव्हतं. मी उंबऱ्यावरून परतले. कोकिळाबाईनं रजा मागितली होती, मी तुम्हाला विचारलंच नाही. तिला एकटीला धरू नका. साहेबांना हेच सांगा —

ओसरीवरच्या माठातून तांब्या भरला आहे. इथूनच ओतावं असं वाटतंय. फटीतून आत जाईल. ओतावं, हात जोडावे आणि —

नाही.

मालूबाई खाटेवर आहेत. जिवंत असतील. त्यांच्या आणि माझ्या मध्ये, दाराला टेकून, खाली —

पुन्हा विचारलं. आवाज फटीशी आला आहे. रागावलेला नाही. रागावलेला असता तर —

एक हात कडीला हवा, एक तांब्याला. वही ठेवावी लागेल.

ओ देते आहे. आजी, मी आहे. आत येते. मी निर्म—